सामानासकट

कपाट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकलं. दोन हमाल वर, दोन खाली आणि मी भिंतीला पाठ लावून सगळ्यांना सूचना देत होतो. माझ्या सूचनांची कुणालाच गरज नव्हती.

"शेठ, तुम्ही आधी वर जा बरं," खालचा म्हातारा हमाल म्हणाला. मग दम खात त्यानं कपाटाच्या दारावर थाप मारली. "दिसतं दांडगं, पण हलकं आहे. आत काही नाही वाटतं."

"साड्या आहेत. साड्यांना कितीसं वजन असणार? चला, उचला. चार वाजता लोक यायचेत."

कपाट माझं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीचं, हेमलताचं होतं. त्याची चावी तिच्या पर्समध्ये होती आणि पर्स घेऊन ती धुळ्याला गेली होती. शुक्रवारी कोर्टात घटस्फोटाच्या शेवटच्या सह्या होत्या आणि शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत ती बसनं नाशिकला परतणार होती. मी तिचं सामान हलवत होतो तो हाच शनिवार. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. तेव्हा सिडकोत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारींच्या तारा नव्यानं गुंडाळून देण्याचा धंदा. तो बरा चालला होता, म्हणून मी वडिलांच्या वेळचा एक प्लॉट विकून पाथर्डी फाट्याला दोन फ्लॅट घेतले. एकाच मजल्यावर, समोरासमोर. तीनशे तीन आणि तीनशे चार. भाड्याने द्यायचे आणि म्हातारपणी पाय पसरून बसायचं, एवढा साधा विचार. पण दोन महिने झाले तरी दोन्ही फ्लॅट रिकामेच होते, कारण मला एक गोष्ट ठरवता येत नव्हती. फ्लॅट नुसते द्यायचे की सामानासकट?

निकम नावाचा एजंट मला रोज समजावून सांगायचा. "बिरारी शेठ, रिकामा द्याल तर फॅमिली मिळेल. पाच वर्षं हलणार नाही, पण साडेचारच्या वर एक रुपया देणार नाही. सामानासकट द्याल तर अंबडच्या कंपन्यांमधले बदलीचे लोक येतील. नुसती बॅग घेऊन येतात बिचारे. सात हजार सहज देतील. मात्र दर अकरा महिन्यांनी नवा माणूस, नवी कटकट आणि सामानाची मोडतोड वेगळी."

मला सात हवे होते आणि सामान विकत घ्यायचं नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे. बायको, सुषमा, म्हणते की मी केळ्याचं सालही दोन वेळा वापरून बघेन.

आणि सामान तर माझ्या घरात पडून होतं. चौदा महिन्यांपूर्वी हेमाचं सासर सुटलं तेव्हा मीच धुळ्याला जाऊन ते टेम्पोत भरून आणलं होतं. पलंग, कपाट, आरशाचं टेबल, शोकेस, शिलाई मशीन, मिक्सर आणि तीन पोती भांडी. आठ वर्षांच्या संसारातून तिच्या हाती एवढंच आलं होतं. आमच्या मागच्या खोलीत ते कसंबसं कोंबलं आणि उरलेल्या फटीत हेमा गादी टाकून झोपू लागली. स्वतःचा पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला आणि ती त्याच्या पायाशी जमिनीवर. रोज सकाळी सात वाजता डबा घेऊन ती एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला जायची आणि आल्यावर सुषमाला पोळ्या लाटू लागायची. तोंडातून शब्द निघायचा नाही.

"तिला विचारा आधी," सुषमा म्हणाली होती.

"विचारतो की."

"विचारतो की नाही, विचारलं असं सांगा मला."

प्रश्न तीनदा माझ्या ओठांपर्यंत आला. गुरुवारी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो तेव्हाही आला होता. बस सुटायला दहा मिनिटं होती. ती खिडकीत बसली होती आणि मी खाली उभा होतो. मी विचारलं, "पाण्याची बाटली घेतलीस का?" ती "हो" म्हणाली. बस गेली आणि मी तिथूनच निकमला फोन लावला.

मी मनाची समजूत घातली होती. रोज डोळ्यांसमोर ते सामान बघून तिला जुनं आठवत असणार. नजरेआड झालं तर तिचंही मन हलकं होईल. शिवाय भाड्यातले हजारभर रुपये तिच्या हातावर ठेवले की झालं. आपण तिचं भलंच करतोय, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मला ते खरंही वाटू लागलं.

कपाट एकदाचं वर आलं. दोन वाजेपर्यंत मी तीनशे तीन नंबर सजवून टाकला. पलंगावर नवी चादर घातली. ओट्यावर मिक्सर ठेवला आणि फळीवर स्टीलचे डबे उतरत्या क्रमानं लावले. निकम एक टाइप केलेला कागद घेऊन आला. कराराला जोडायची सामानाची यादी. ती त्याला मीच दिली होती. धुळ्याहून सामान आणताना हेमाच्या सासऱ्यांनी केलेली यादी माझ्या फाइलमध्ये होतीच. नवीन कशाला करायची? त्यावर फक्त मथळा बदलून घेतला आणि एका ओळीत थोडी काटछाट केली. मूळ यादीत "लोखंडी कपाट एक, आतील साड्या व दागिन्यांसह" असं होतं. मी "लोखंडी कपाट एक" एवढंच ठेवलं. साड्या-दागिने घरी नेऊन तिला दिले की झालं, असा माझा हिशेब.

"कपाटाची चावी?" निकमनं विचारलं.

"संध्याकाळी मिळेल."

"संध्याकाळी? पार्टी चारला येतेय."

साडेतीनला माझा मोबाइल वाजला. हेमाचा फोन.

"दादा, मी लवकरची बस धरली. स्टँडवर उतरले आत्ता. तू दुकानात आहेस?"

"नाही... म्हणजे हो, इथंच जवळ आहे. का गं?"

"काही नाही. आवाज कसा घुमतोय तुझा, रिकाम्या खोलीत असल्यासारखा."

"अगं, गोडाऊनमध्ये आहे. तू असं कर, जरा देवळात वगैरे जाऊन ये. कोर्टाचं एवढं पार पडलं."

"देवळात?" मी आयुष्यात कुणाला देवळात जा म्हणून सांगितलेलं नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "मी घरी जाते, दादा. दमलेय."

फोन बंद झाला आणि मी घड्याळ बघितलं. स्टँडवरून घरी रिक्षानं वीस मिनिटं. घरात शिरली की ती आधी मागच्या खोलीत जाणार. आणि सुषमा खोटं बोलणार नाही, न विचारता सामान हलवल्यावर तर मुळीच नाही. मी निकमला म्हणालो, "पार्टीला लवकर बोलव. आत्ता. सही उरकून टाकू."

एकदा सही झाली की मग हेमाला काय ते समजावता येईल, असं मला वाटत होतं. झालेल्या गोष्टीवर माणसं जास्त भांडत नाहीत, हा माझा धंद्यातला अनुभव.

पार्टी पावणेचारला आली. कुलथे म्हणून साताऱ्याकडचं तरुण जोडपं होतं. त्याची अंबडला बदली झालेली आणि तिचं नाव प्राची. त्यांना घर आवडलं. प्राचीनं गॅलरीचं दार उघडून बघितलं, नळ सोडून बघितला. माझे कान मात्र जिन्याकडे लागले होते.

"कपाट उघडून दाखवता का?" कुलथेनं विचारलं.

"चावी घरी राहिली. चांगलं आहे कपाट, जुन्या बनावटीचं. हल्ली असला पत्रा मिळत नाही."

"तसं नाही हो. यादीवर सही करायची म्हणजे आत काय आहे, कसं आहे, ते बघायला नको? न बघता सही कशी करणार?"

त्याच्या बोलण्यात वाकडं काहीच नव्हतं. तरी मला कुठंतरी टोचलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

"चावीवाल्याला बोलावू, पाच मिनिटांचं काम," निकम म्हणाला.

"नको!" मी जरा जोरातच बोललो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे... कुलूप खराब होईल."

एवढ्यात प्राची स्वयंपाकघरातून एक डबा हातात घेऊन बाहेर आली. आमच्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. दुकानदार टोकदार यंत्रानं टिकटिक करत अक्षरं उठवतो. कुणी दिलं, कुणाला दिलं, तारीख. ती अक्षरं राख लावून घासली तरी जात नाहीत. मी डबे मांडले, पुसले, पण त्यांवर काय लिहिलंय ते माझ्या लक्षातच आलं नाही. जन्मभर तेच बघत आलेल्या माणसाला ती नक्षीच वाटते.

"चि. सौ. कां. हेमलता हिस मामा-मामी, मालेगाव, यांजकडून," प्राचीनं वाचलं. "सगळ्याच डब्यांवर हेमलताचं नाव आहे. या कोण?"

"माझी बहीण."

"मग हे त्यांचं सामान? त्यांना नको का?"

खोटं बोलायला मला एक सेकंदही लागला नाही, याची आजही लाज वाटते. "ती दुबईला असते. मिस्टरांची नोकरी आहे तिकडं. सामान पडून होतं, म्हटलं कुणाच्या तरी कामी येईल."

"आजच आले," दारातून आवाज आला.

हेमा उभी होती. खांद्यावर प्रवासाची बॅग तशीच, केसांवर धूळ. सुषमानं पत्ता सांगितला असणार. ती किती वेळ उभी होती देव जाणे. निकमनं माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे. ती ओरडेल, रडेल, त्या दोघांसमोर माझे वाभाडे काढेल, असं वाटलं. तिनं ओरडायला हवं होतं. मला ते सोपं गेलं असतं.

ती चप्पल काढून आत आली. पलंगाकडे बघितलं, नव्या चादरीकडे बघितलं. आरशाच्या टेबलावर धूळ राहिली होती, ती तिनं ओढणीच्या टोकानं पुसली. मग निकमच्या हातातली यादी मागून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. वाचता वाचता एका ठिकाणी थांबली. कुठल्या ओळीवर थांबली हे मला न बघता कळलं.

"तीच यादी आहे," ती म्हणाली. "क्रमसुद्धा बदलला नाहीस, दादा."

"हेमा, मी तुला सांगणारच होतो..."

"यांना कपाट बघायचंय ना?" तिनं पर्समधून चावी काढली. "बघा ना. न बघता सही करू नये."

खटका वाजला, दार उघडलं. आत वर्तमानपत्र अंथरलेले चार कप्पे होते आणि डांबरगोळ्यांचा वास. वरच्या दांडीला पाच-सहा रिकामे हँगर. बाकी काही नाही. साडी नाही, डबी नाही, साधा रुमाल नाही.

"अरे वा, बरीच जागा आहे की," कुलथे म्हणाला.

प्राचीनं त्याच्या दंडाला धरलं. बायकांना काही गोष्टी लवकर कळतात. तिनं हातातला डबा हेमाच्या हातात दिला आणि म्हणाली, "आम्ही उद्या येतो, ताई. आज तुम्ही प्रवासातून आलाय." ते दोघं गेले. निकम दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"साड्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

"आल्याच नव्हत्या."

"म्हणजे?"

"त्या दिवशी घरी पोचलो. तू टेम्पोवाल्याला पैसे द्यायला खाली गेलास तेव्हा मी उघडून बघितलं. तेव्हाही असंच होतं. आईच्या साड्या नव्हत्या आणि आईच्या पाटल्याही नव्हत्या. मग परत कुलूप लावून टाकलं."

मला सगळं आठवलं. न आठवावं म्हणून चौदा महिने डोळ्यांवर कातडं ओढून बसलो होतो, ते सगळं. धुळ्याची ती गल्ली, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर जमलेली माणसं, टेम्पोचं चालू इंजिन. हेमाचे सासरे यादी आणि पेन पुढे करून उभे होते. हेमानं चावी हातात घेऊन मला विचारलं होतं, "दादा, एकदा उघडून बघू का?" आणि मी म्हणालो होतो, "आता इथं तमाशा नको. सगळे बघतायत. सही कर आणि चल." टेम्पोवाल्याला घाई नव्हती. घाई मला होती. बहीण परत घेऊन जाणारा भाऊ म्हणून लोकांनी माझ्याकडे बघत राहावं, हे मला सहन होत नव्हतं. तिनं कपाटाच्या पत्र्यावरच कागद ठेवून सही केली होती.

"काल त्यांच्या वकिलानं तोच कागद काढला," हेमा म्हणाली. "सगळं मिळालं, तक्रार नाही, खाली माझी सही. जज्जबाईंनी विचारलं, सही तुमचीच ना? मी हो म्हटलं. मग विषयच संपला."

"तू मला का नाही सांगितलंस? चौदा महिने?"

"तुझ्याच घरात राहून तुला कसं सांगणार?" ती तितक्याच शांतपणे म्हणाली. "तुला वाईट वाटलं असतं. मग वहिनीला कळलं असतं, मग तू चिडला असतास, आधी स्वतःवर आणि मग माझ्यावर. आणि मला राहायला दुसरी जागा नव्हती. कपाट बंद असलं की आत काहीतरी आहे असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं कधी कधी."

मी पलंगाच्या कडेला बसलो आणि लगेच उठलो. तिच्या पलंगावर बसायचाही मला अधिकार वाटला नाही. माझ्यासारख्या माणसाला रडणं येत नाही.

निकम दारात खाकरला. "शेठ, मग पार्टीला काय सांगू?"

"नाही सांग," मी म्हणालो. "सामान परत घरी न्यायचंय. हमालांना फोन कर."

"थांबा," हेमा म्हणाली. "निकमभाऊ, हा फ्लॅट सामानासकट कितीला?"

"सात म्हणत होते शेठ."

"आणि रिकामा?"

"साडेचार. फॅमिलीला."

तिनं बॅग खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. चौदा महिन्यांत तिला अशी बॅग खाली ठेवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या घरात ती नेहमी भिंतीला टेकवून, कुणाच्या पायात येणार नाही अशी ठेवायची.

"मग मला रिकामा द्या. साडेचारनं. सामान माझं आहे."

"हेमा, वेडी झालीस का? तुझ्याकडून भाडं घेऊ मी? राहा ना तशीच. फ्लॅट तुझाच समज."

"समजायचं नाही मला आता काही, दादा. माझा पगार सहा हजार आहे, भागवेन मी. करार कर. अकरा महिन्यांचा. पोलिसांचा फॉर्म असतो तोही भर. एकटी बाई म्हणून सोसायटीवाले कटकट करतील, त्यांना तू काय ते सांग. घरमालक आहेस ना?"

निकमला हसू आवरत नव्हतं आणि हसावं की नाही तेही कळत नव्हतं. मी मान हलवली.

त्या रात्री हेमा जेवायला घरी आली नाही. सुषमानं मला वाढलं आणि आत निघून गेली.

करार मंगळवारी झाला. हेमाच्याच आरशाच्या टेबलावर निकमनं कागद मांडले. समोरचा तीनशे चार नंबर कुलथ्यांनी घेतला होता, रिकामाच. प्राचीनं म्हणे नवऱ्याला सांगितलं की आपलं सामान आपण हळूहळू घेऊ. तेव्हापासून मी माझी कुठलीच जागा सामानासकट दिलेली नाही. निकम अजून मला त्यावरून चिडवतो.

शेवटच्या पानावर घरमालकाच्या सामानाची यादी होती. त्यावर एकच शब्द टाइप केला होता. निरंक.

मी पेनाचं टोपण काढलं तशी हेमानं कागदावर हात ठेवला.

"आधी बघून घे. कपाट उघड."

"अगं, मला माहितीये..."

"उघडून बघ, दादा. मग सही कर."

मी उठलो. कपाटाला कुलूप नव्हतं. दार ओढलं. पाच रिकाम्या हँगरच्या रांगेत, सहाव्यावर, तिचा लॅबचा पांढरा कोट इस्त्री करून टांगलेला होता. मी तो नीट बघितला. मग येऊन सही केली.